ठाण्याच्या उकाड्यात चीजचं ताट

ठाण्यात चीजचं ताट बहुधा शेवटच्या तासात बिघडतं. फ्रिजमधून थेट टेबलावर आलेलं चीज मेण चघळल्यासारखं लागतं. आणि पाहुणे माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकले म्हणून तेच चीज दीड तास बाहेर राहिलं, तर ब्री ताटभर पसरतं आणि चेडरच्या अंगावर तेलाचे थेंब उभे राहतात. दोन्ही वेळा पाहुण्यांना वाटतं की चीजच तसं होतं. परदेशी पुस्तकांत ‘जेवणाआधी तासभर बाहेर काढा’ असं लिहिलेलं असतं, पण ते तिथल्या वीस अंशांच्या खोलीसाठी. मे महिन्यातल्या नौपाड्यातल्या बत्तीस अंशांच्या दिवाणखान्याला ते लागू होत नाही.

म्हणून आधी हिशेब कमी ठेवावा. आठ माणसांसाठी तीन प्रकार पुरे. सात प्रकार मांडले की कुणालाच एकही नीट आठवत नाही आणि सातही अर्धवट उरतात. जेवणाआधी खायचं असेल तर माणशी ५० ग्रॅम धरावं, म्हणजे आठ जणांना ४०० ग्रॅम: मऊ १५०, कडक १५०, उग्र १००. जेवण म्हणून चीजच असेल, सोबत ब्रेड, फळं आणि एखादं सूप, तर माणशी १२० ग्रॅम. जेवणानंतर तोंडात टाकायला ३० ग्रॅमसुद्धा भरपूर होतं. पुरणपोळीच्या जेवणानंतर तर नकोच.

तीन कोणती

डब्यातलं प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज वितळवून, त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालून पुन्हा साच्यात ओतलेलं. ते महिनोन्महिने तसंच राहतं, त्यासाठीच ते केलेलं असतं. कारागिरांनी बनवलेलं चीज मात्र पाकिटातही पिकत राहतं, त्यामुळे पाकिटावरच्या तारखेइतकीच बोटांनी केलेली तपासणी महत्त्वाची. किमतीचं कोडंही इथेच सुटतं. गाईच्या साधारण दहा लिटर दुधातून एक किलो कडक चीज मिळतं, आणि मग ते महिनोन्महिने थंड खोलीत पडून असतं, अधूनमधून कुणीतरी उलटत-पुसत असतं.

मऊ म्हणजे ब्री किंवा कॅमेम्बेर जातीचं, वर पांढऱ्या बुरशीची मखमली साल असलेलं. ही साल खायची असते. मुंबईत स्पॉटेड काऊ नावाची चीजशाळा याच जातीची ‘बॉम्ब्री’ आणि ‘कॅमेम्बे’ बनवते. घेताना चकतीच्या मध्यावर अंगठ्याने हलकं दाबावं, हापूस देठाजवळ दाबून बघतो तसं. मध्य दगडासारखा लागला तर अजून कच्चं आहे. आत खडूसारखा पांढरा पट्टा निघेल आणि चव नुसती खारट लागेल. फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस थांबलं की तो पट्टा आटतो. उलट कडा तपकिरी, चिकट झाल्या असतील आणि पाकीट उघडताच अमोनियाचा वास नाकात गेला, तर पिकण्याची हद्द ओलांडली आहे. वास थोडाच असेल तर कागद काढून अर्धा तास उघडं ठेवावं, बरेचदा तो उडून जातो. नाही उडाला तर टाकावं.

कडक म्हणजे सहा महिन्यांच्या पुढचं चेडर किंवा जुनं गौडा. जुन्या गौड्यात दाताखाली कुरकुरणारे पांढरे कण येतात. ते मीठ नाही आणि बुरशीही नाही. प्रथिनं फुटताना टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल सुटं होतं, त्याचे ते स्फटिक. चेडरच्या वरच्या अंगावर दिसणारी पांढरट पूड बहुधा कॅल्शियम लॅक्टेटची असते. ती बोटाने चोळली तर रवाळ लागते, बुरशी मात्र लवदार असते आणि चोळली की पुसली जाते. गौड्याच्या भोवतीचं लाल किंवा पिवळं मेण खायचं नाही हे पाहुण्यांना सांगून टाकावं, कुणीतरी खातंच.

तिसरं उग्र किंवा निदान वेगळं. निळ्या रेषांचं ब्लू चीज हा नेहमीचा पर्याय, पण पहिल्यांदा खाणाऱ्यांच्या बैठकीत ते अर्धं उरतं. त्याऐवजी ब्रुनोस्ट ठेवून बघा. हे मूळचं नॉर्वेचं, चीज करताना निघालेलं निवळीचं पाणी आटवून आटवून बनवलेलं. मुंबईत एलेफ्थेरिया नावाची चीजशाळा ते बनवते. पाहुण्यांना फार समजावू नये, ‘मीठ घातलेला कंदी पेढा’ एवढं सांगितलं की मराठी माणूस हात पुढे करतो.

आपल्या देशातलंच काही हवं असेल तर दार्जिलिंगजवळचं कालिम्पोंग आणि हुगळीचं बंदेल आहे. बंदेलच्या छोट्या चकत्या धुराने वाळवलेल्या आणि बऱ्याच खारट असतात, त्या रात्रभर पाण्यात भिजवूनच वापरायच्या. जम्मूची कलारी तव्यावर स्वतःच्या स्निग्धांशात तळून खातात, ती ताटात थंड ठेवण्यात अर्थ नाही. सायप्रसच्या हलूमीचंही तसंच. त्याची चोथ्याची वडी गरम निवळीत शिजवलेली असते, म्हणून तव्यावर वितळत नाही, नुसती खरपूस होते.

हिरवा ठिपका आणि बाकीची विचारपूस

दूध फाडायला जे रेनेट लागतं ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या जठरातून घेतात. भारतात बनणारं बहुतेक चीज बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटने करतात आणि त्यावर हिरवा ठिपका असतो. इटलीच्या पार्मिजानो-रेज्जानोमध्ये मात्र नियमानेच वासराचं रेनेट असतं. ग्राना पादानोमध्ये बहुधा त्याशिवाय लायसोझाइम असतं, ते अंड्याच्या पांढऱ्यातून येतं. त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांसमोर ‘पार्मेजान’ या नावावर विसंबू नये, पाकीट उलटवून ठिपका बघावा.

जैन पाहुणे असतील तर आधी फोन करून विचारावं. बुरशीचं चीज आणि मध दोन्ही त्यांच्याकडे सहसा चालत नाही. काहींना कुठलंच चीज चालत नाही. श्रावण-भाद्रपदातल्या पर्युषणात तर विषयच नको. मराठी घरांत संकष्टी आणि एकादशी कॅलेंडरवर बघून मगच तारीख ठरवावी. निमंत्रण गेल्यावर ‘अहो, आज उपवास’ असं ऐकण्यापेक्षा ते सोपं. गरोदर बाईंना पांढऱ्या बुरशीचं मऊ चीज आणि ब्लू देऊ नये, लिस्टेरिया या जंतूचा धोका असतो. कडक चीज चालतं. ‘मला दूध पचत नाही’ म्हणणाऱ्यांना जुनं गौडा किंवा चेडर बहुधा सोसतं, कारण पिकताना त्यातली दुधातली साखर जवळपास संपलेली असते. दुधाची ॲलर्जी असेल तर ते मात्र वेगळं प्रकरण, तिथे कुठलंच चीज नाही.

बाहेर कधी काढायचं

थंड चीजमधला स्निग्धांश गोठलेला असतो आणि बहुतेक वास त्यातच अडकलेले असतात. तो सैल झाला की वास नाकापर्यंत पोचतात, म्हणजे चव लागते. पण दुधातली चरबी तिशीच्या आसपास बरीचशी पातळ होते आणि प्रथिनांच्या जाळीतून बाहेर झिरपते. घाम फुटलेलं चेडर म्हणजे हेच. एकदा तेल सुटलं की परत थंड केल्याने ते आत जात नाही, चीज रबरी होतं. आपल्याला गाठायचं आहे ते मधलं, चीजच्या गाभ्याला १६ ते १८ अंश. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर असेल तर एकदा मोजून बघा, पुढच्या वेळी अंदाज बसतो.

एसी २४ वर असलेल्या खोलीत कडक चीज ४० मिनिटं आधी, मऊ २५ मिनिटं आधी, ताजं बुराटा (आत मलई भरलेला मोझरेलाचा गोळा) १० मिनिटं आधी काढावं. नुसता पंखा असेल आणि बाहेर बत्तीस अंश असतील तर कडक २५ मिनिटं, मऊ १५, आणि बुराटा वाढायच्या क्षणी. बाहेर काढताना कागदातच गुंडाळलेलं असू द्या. उघडं ठेवलं तर एसीच्या वाऱ्याने वरचा थर वाळतो, आणि पावसाळ्यात उलटं होतं, थंड अंगावर दव धरतं आणि साल गिळगिळीत होते.

सगळं चीज एकाच वेळी मांडू नये. निम्मं टेबलावर, निम्मं फ्रिजमध्ये, आणि पाऊण तासाने दुसरी फेरी. मध्ये ताट रिकामं दिसलं तरी हरकत नाही. ओट्याचं काम करताना उरलेला पॉलिशचा ग्रॅनाइटचा तुकडा घरात असेल तर तो घासून, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, वर बटर पेपर अंथरून त्यावर मऊ चीज मांडावं. लाकडी पाटापेक्षा ते जास्त वेळ टिकतं. बर्फाच्या परातीवर ताट ठेवायची युक्ती दिसायला छान, पण खालून पाणी लागतं आणि बिस्किटं भिजतात. एकूण बाहेर दोन तास ही शेवटची मर्यादा, खोली बत्तीसच्या वर असेल तर एकच तास. त्यानंतर उरलेलं मऊ आणि ताजं चीज टाकायचं, जीव कितीही हळहळला तरी.

कापायचं कसं

गोल चकती केकसारखी कापावी, प्रत्येक तुकड्यात मधला गाभाही हवा आणि सालही. पाचरीच्या आकाराचं ब्री असेल तर टोक आडवं कापून घेऊ नये. चकतीच्या मधला सालीपासून लांबचा गाभा असतो तो टोकाला, आणि पहिला माणूस ते कापून गेला की बाकीच्यांच्या वाट्याला सालच येते. उभे लांब काप करावेत. ब्लू पाचर असेल तर खालच्या कडेच्या मध्यापासून पंख्यासारखे काप, म्हणजे निळ्या रेषा सगळ्यांना मिळतात.

मऊ चीज सुरीला चिकटतं. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग एकच झटका द्यावा. शेळीच्या दुधाच्या मऊ गुंडाळीला तर सुरी नकोच, शिवणाचा नवा पांढरा दोरा खालून घेऊन वर फुलीसारखा ओढला की चकती सरळ सुटते. जुनं गौडा काप करायला जाऊ नये, सुरीचं टोक खुपसून पिळावं, ते आपसूक ढेकळांत फुटतं आणि तसंच चांगलं लागतं. प्रत्येक चीजला वेगळी सुरी. ब्लूची सुरी ब्रीत गेली की काही दिवसांत उरलेल्या ब्रीवर निळे ठिपके उगवतात.

सोबत काय

पावसाळ्यात पहिली अडचण म्हणजे बिस्किटं सादळतात. डबा उघडल्यापासून वीस मिनिटांत. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवून, पूर्ण गार करून मगच ताटात घ्यावीत. खरं तर त्या महागड्या बिस्किटांपेक्षा सोलापुरी कडक भाकरी उत्तम, तिला स्वतःची चव आहे पण ती मध्ये मध्ये करत नाही. साधा खाकराही चालतो, मेथी-मसाला नको. बेकरीतला ब्रून पाव पातळ कापून कोरडा भाजला तर मऊ चीजला याहून चांगली जोडी नाही.

गोडाचं म्हणाल तर चेडरला गुळांबा. आंबट-गोड, थोडा जळका गूळ आणि जुन्या चेडरचा तिखटपणा हे जमतंच. मोरांबा त्यामानाने फार गोड पडतो. ब्लूला पुरंदरचे ताजे अंजीर किंवा खजूर, गोडाशिवाय ते एकटं सोसत नाही. ब्रीला डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या. हापूसच्या दिवसांत बुराट्याभोवती आंब्याच्या फोडी, वर मिरपूड आणि दोन थेंब ऑलिव्ह तेल, इतकंच. ब्लूशेजारी हापूस ठेवू नये, दोघंही एकमेकांना मारतात. आंबापोळीच्या पट्ट्या कडक चीजला, वेंगुर्ल्याचे भाजलेले काजू सगळ्याला. जास्त पाहुणे असतील तर फळं आणि सुकामेवा वाशीच्या एपीएमसीतून, नाहीतर जांभळी नाक्याचा बाजार आहेच. चाट मसाला, कच्चा कांदा आणि शेजवान चटणी ताटाच्या आसपासही नकोत, त्यानंतर जिभेला काही कळत नाही.

पेयांत नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन शेळीच्या चीजबरोबर छान, उशिरा खुडलेल्या द्राक्षांची गोडसर लेट हार्वेस्ट वाइन ब्लूबरोबर. तुरट लाल वाइन ब्रीबरोबर धातूसारखी कडू लागते, हे बऱ्याच जणांना कळतं पण बोलवत नाही. न पिणाऱ्यांसाठी जिरं न घातलेलं, कमी साखरेचं कोकम सरबत. जुन्या गौड्याला तर साखर न घातलेली फिल्टर कॉफीच.

खाताना क्रम सौम्यापासून उग्राकडे: ताजं, मऊ, कडक, शेवटी ब्लू. उलट केलं तर ब्लूनंतर ब्री पाण्यासारखं लागतं. पहिला घास नुसता, भाकरीशिवाय घ्यायला सांगावा. तुकडा बोटांत मोडून आधी वास, मग जिभेवर ठेवून टाळूला दाबायचा आणि नाकाने श्वास सोडायचा. वर्णनाला परदेशी शब्द शोधायची गरज नसते. घट्ट चक्का, लोणी कढवतानाचा वास, बासुंदीच्या कढईच्या कडेची खरवड, ओल्या पावसाळी मातीतली अळंबी: हे आपल्या जिभेच्या ओळखीचं आहे आणि चीजमध्ये हेच सापडतं.

क्लायंटसमोर

ऐरोली-महापेच्या ऑफिसात किंवा बेलापूरच्या मीटिंगमध्ये चीज ठेवायचं तर नियम बदलतात. माणशी ३० ग्रॅम, चार-पाचच्या सुमाराला, आधीच कापून, टूथपिक लावून. लॅपटॉप उघडे असतात, भुगा होणारं चीज नको. मिठाच्या पाण्याने धुतलेल्या सालीची वासट चीजं आणि ब्लू तर बंद कॉन्फरन्स रूममध्ये आणूच नयेत. सेंट्रल एसी तो वास मजलाभर फिरवतो आणि दुसऱ्या दिवशीही लोक विचारतात. प्रत्येक चीजपुढे छोटी पाटी: नाव, कुठल्या जनावराचं दूध, हिरवा ठिपका. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात, आणि ज्यांना खायचं नसतं त्यांना कारण सांगत बसावं लागत नाही. जैन सहकारी असतील तर त्यांचं ताट आणि सुरी वेगळी, दुसऱ्या टेबलावर.

दिवाळीची भेट म्हणून चीज द्यायचं असेल तर ब्री आणि बुराटा मनातून काढून टाका. मेण लावलेलं गौडा किंवा व्हॅक्यूम पाकिटातलं जुनं चेडर, २०० ग्रॅम, चीजशाळेच्या मूळ सीलमध्ये. मोठा तुकडा आणून स्वतः कापून सुंदर कागदात बांधू नये. त्यात तारीख, घटक आणि हिरवा ठिपका सगळं हरवतं, वर हाताचे जंतू लागतात. सोबत गुळांब्याची छोटी बरणी आणि कडक भाकरीचं पाकीट.

ठाण्याहून बेलापूरला दुपारी न्यायचं तर जाड थर्मोकोलचा डबा, एक किलो चीजला ४०० ग्रॅमच्या दोन जेल पिशव्या, एक खाली एक वर, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. गोठलेली जेल थेट चीजला टेकली तर तो भाग गोठतो आणि नंतर भुगा होतो. मोकळी जागा कागदाचे बोळे घालून भरावी, आतली हवा जितकी कमी तितकं बरं. कुरिअरपेक्षा आपल्या माणसाकडून हातोहात, आणि निघण्याआधी फोन. शुक्रवारी संध्याकाळी रिसेप्शनवर ठेवलेलं चीज सोमवारी उघडलं जातं. मोठ्या कंपन्यांत भेटवस्तूंच्या किमतीवर मर्यादा असते, तीही विचारून घ्यावी. आणि फुकट दिलेल्या भेटीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, हे हिशेबनिसाला आधीच माहीत असलेलं बरं.

आत एक चिठ्ठी मराठीत: ‘नमस्कार. हे चीज मिळताच फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं, फ्रीझरमध्ये नको. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावं. मेण सोलून टाकावं. उघडल्यावर दोन आठवड्यांत संपवावं.’ एवढंच. शुभेच्छा वेगळ्या कार्डावर.

उरलेलं

प्लास्टिकच्या चिकट फिल्ममध्ये चीज गुदमरतं, ओल धरतं आणि वास मारतं. बटर पेपरमध्ये दोनदा गुंडाळून, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात, भाजीच्या कप्प्यात ठेवावं. फ्रिज ४ ते ८ अंशांवर. कागद दर तीन-चार दिवसांनी बदलावा. ब्लूचा डबा वेगळा. कडक चीजवर बाहेरची बुरशी आली तर तिच्याभोवतीचं अडीच सेंटिमीटर कापून बाकीचं खाता येतं, सुरी मात्र बुरशीतून पुढे न्यायची नाही. मऊ किंवा ताज्या चीजवर परकी बुरशी दिसली तर सगळंच टाकायचं, तिचे धागे आत कुठवर गेलेत ते दिसत नाही.

कडक चीजचे सुकलेले तुकडे २०० ग्रॅम जमले की दोन चमचे लोणी आणि मिरपूड घालून मिक्सरला फिरवावेत, चार-पाच दिवस पावाला लावायला होतात. आणि जुन्या कडक चीजची साल, मेण नसलेली, नीट धुऊन टोमॅटोच्या साराला उकळी आली की त्यात टाकावी. वीस मिनिटांनी चमच्याने काढून टाकायची. त्या दिवशी साराला मीठ निम्मंच घालावं.